बहीण सुरतेत, आणि आम्ही हॉटेलात

सुरतेच्या तीन दिवसांबद्दल लिहायला बसलो आहे. पण आजवर कोणालाही न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. नाहीतर एवढ्या खाऊन-पिऊन सुखी शहरात मी चोरासारखा का वावरत होतो, ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, सुरतहून फोन आला. तिच्या मुलीला, योगिताला, नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षी जागा नव्हती. आक्का म्हणाली, "भाऊ, एक वरीस तुन्हाकडे ऱ्हाऊ दे तिले." मी म्हणालो, "घरात विचारून सांगतो." घरात मी कोणालाच विचारलं नाही. दोन दिवस तसेच जाऊ दिले आणि तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "आक्का, वैशाली नाही म्हणते गं. माझं काही चालत नाही." वैशाली म्हणजे माझी बायको. असा फोन आला होता हेही तिला माहीत नव्हतं.

आपल्याकडे पुरुषांची ही जुनी सोय आहे. देणगी नको असली की घरात विचारून सांगतो, उसना मिक्सर द्यायचा नसला की घरात विचारून सांगतो. नाही म्हणायचं आपण आणि वाईट व्हायचं बायकोने. मिक्सरपर्यंत ते खपतं.

आमचं घर लहान नव्हतं. दोन खोल्या, हॉल, बंद केलेली गॅलरी होती. मी मात्र डिप्लोमाची तीन वर्षं सुरतेत, नवागाम वस्तीत, आक्काच्या एका खोलीत काढली होती. दाजी लूमवर रात्रपाळीला जायचे तेव्हा त्यांच्या जागेवर मी झोपायचो, आणि त्यांची दिवसपाळी असली की उंबऱ्यापाशी. त्याच खोलीत आक्का दिवसभर साड्यांचे दोरे कापत बसायची. नाशिकला कॉलेजच्या कार्यालयात लागल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की सुरतला हॉस्टेलमध्ये शिकलो. वैशालीलाही तेच सांगितलं. योगिता घरी आली असती तर तिच्याबरोबर ती खोलीही आली असती. ती मला नको होती.

योगिता नाशिकला आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आक्का तेव्हापासून वैशालीशी मोजकं बोलते. राखी मला येते, दिवाळीला ड्रेस आमच्या सायलीला येतो, वैशालीला काहीच येत नाही. "मी काय केलंय हो त्यांचं?" असं वैशालीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "स्वभाव आहे तिचा."

हे सगळं मनात घेऊन मी सुरतेत हॉटेलची खोली शोधायला निघालो होतो.

खोली निवडणं

सुरतेची टूम सायलीची. ती वीस वर्षांची आहे, आणि मोबाईलवर लोक काय काय खातात ते बघून तिच्या सहली ठरतात. थंडीत सुरतेत पोंक मिळतो, लोचो बारा महिने मिळतो, आणि आईला साड्या घेता येतील, असा तिचा तिहेरी मुद्दा होता. वैशाली लगेच म्हणाली, "मग आक्कांकडेच उतरू. बोलत नाहीत तर नाही. तुमची बहीण आहे."

 त्या दोघी एका छपराखाली आल्या तर भाकरी तव्यावरून उतरायच्या आत सगळं बाहेर पडेल, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "त्यांच्याकडे जागा नाही. अडचण होईल." हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं, याचं मला आता नवल वाटतं. आक्काने वरचा मजला चढवून चार वर्षं झाली आहेत. वैशालीने ते पाहिलेलं नाही, मी पाहिलं आहे.

"मग निदान भेटायला तरी जाऊ."

"बघू. वेळ मिळाला तर."

खानदेशात हे किती वाईट, ते बाहेरच्याला सांगूनही पटणार नाही. बहिणीच्या गावावरून एसटीने नुसतं पुढं जायचं असलं तरी माणूस खाली उतरून पाणी पिऊन येतो. बहिणीच्या शहरात पैसे देऊन झोपायचं म्हणजे तिच्या दाराला बाहेरून कडी घालण्यासारखं आहे.

खोली निवडताना लोक गरम पाणी, स्वच्छ चादरी, नाश्ता असं बघतात. मी नकाशा बघत होतो. स्टेशनजवळची हॉटेलं बाद केली, कारण आमच्याकडच्या सगळ्या गाड्या तिथेच रिकाम्या होतात आणि प्रत्येक डब्यात कोणी ना कोणी ओळखीचा निघतो. उधना, डिंडोली, भेस्तान बाद, कारण तिथे सगळी खानदेशी वस्ती, ते तर आमचंच गाव. रिंग रोडही बाद, कारण नवागामची निम्मी माणसं तिथल्या कापड मार्केटमध्ये गाठोडी उचलतात. राहिलं तापीपलीकडचं अडाजण. मध्ये नदी आहे, या विचाराने मला बरं वाटलं. अडाजणला आमचं कोणी नाही.

"पप्पा, तुम्ही रिव्ह्यू वाचतच नाही," सायली म्हणाली. "नुसता नकाशा मोठा-छोटा करताय."

"रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतात," मी म्हणालो. त्या दिवसांत मला सगळंच कोणीतरी लिहून घेतलेलं वाटत होतं.

पहिला दिवस : अडाजण

सापुताऱ्याचा घाट उतरून दुपारी सुरतेत पोचलो. फोटोतलं हॉटेल आणि समोरचं हॉटेल यांचं नातं चुलतभावाचं होतं, तोंडवळा तेवढा सारखा. काउंटरमागे एक गोरेपान, गोल चेहऱ्याचे मॅनेजर होते. त्यांना सगळे हितेशभाई म्हणत.

"आवो आवो साहेब. तीन जण ने? आधार कार्ड आपो."

त्यांनी आमची कार्डं मशीनवर ठेवली, मग एका जाड रजिस्टरमध्ये लिहायला लागले. कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. शेवटी पेन थांबवून त्यांनी विचारलं, "सुरत में कोई रिश्तेदार?"

मी म्हणालो, "का? कशाला पाहिजे?"

"पुलिस का फॉर्म है साहेब. सब को पूछते है."

"कोणी नाही," मी म्हणालो.

वैशाली माझ्या शेजारीच उभी होती. ती पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली. हितेशभाईंनी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. आपली बहीण एका रेघेखाली जाताना मी बघितली, आणि सही केली.

पहिली खोली दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला होती. खिडकीसमोर बस थांबत होती आणि उतरणारी माणसं वर बघत होती. मी म्हणालो, आवाज फार येतो. दुसऱ्या खोलीला शेजारच्या खोलीत उघडणारं एक बंद दार होतं. मी ते ढकलून बघितलं, कुलूप बघितलं, फटीला कान लावला. तिसरीतला आरसा भिंतीत बसवलेला होता, त्यावर मी बोट टेकवून बघितलं, कारण असल्या आरशांबद्दल काय काय ऐकलं होतं. धूर दाखवणाऱ्या यंत्राखाली खुर्ची ठेवून चढलो. गादी उचलली.

"पप्पा, तुम्ही पोलिसातच जायचं होतं," सायली म्हणाली. "इथे चुकून कॉलेजात फिया घेत बसलात."

"अहो, बास झालं," वैशाली म्हणाली. "आपण काय दागिने लपवायला आलोय? झोपायला तर आलोय."

चौथी खोली मागच्या बाजूची होती. खिडकीतून एक भिंत आणि पाण्याच्या तीन टाक्या दिसत होत्या. कोणीही आत बघू शकत नव्हतं, आपणही बाहेर बघू शकत नव्हतो. "हीच घेऊ," मी म्हणालो. माय-लेकींनी एकमेकींकडे बघितलं.

सामान लावताना बाथरूमच्या दारात माझा अंगठा सापडला. "ओ माय वं!" असा थेट गावचा ओरडा तोंडून निघाला. चादरी बदलायला आलेल्या बाई दारातच थबकल्या आणि खुदकन हसल्या. पन्नाशीच्या, निळ्या कोटाखाली नऊवारीसारखा पदर खोचलेल्या.

"तुम्ही खानदेशना शेतस का साहेब?"

"नाही. नाशिक," मी अंगठा दाबत म्हणालो.

"अहो, असं काय?" वैशाली म्हणाली. "हे खानदेशचेच. तुम्ही?"

"आम्ही पारोळ्याकडचे. आता तीस वरीस झाले, नवागामले ऱ्हातंस." त्यांनी उशीला खोळ घालता घालता माझ्याकडे नीट बघितलं. "साहेबनं तोंड पाह्यलेलं वाटस."

त्या बाईंचं नाव लताबाई. आमच्याकडे दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला गाव, पाचव्याला भाऊबंद आणि सातव्याला लग्नात कोण जेवायला होतं ते निघतं. मी दुसऱ्याच वाक्याला खोलीबाहेर पडलो आणि खाली हितेशभाईंना म्हणालो, "आमच्या खोलीत त्या बाई नकोत. दुसरं कोणी पाठवा."

त्यांची भुवई वर गेली. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कुछ गया क्या साहेब? सामान?"

मी "नाही" म्हणालो, पण ते म्हणायला जेवढा उशीर करायचा नसतो तेवढा केला. तेवढ्यात त्यांना जे समजायचं ते समजलं. दुसऱ्या दिवसापासून चादरी बदलायला एक मुका-मुका पुरुष यायला लागला.

संध्याकाळी पुलाखालच्या पोंकच्या स्टॉलवर गेलो. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण चालचलणूक वेगळी. आपला हुरडा शेतातच खायचा. गोवऱ्यांच्या आरावर कणीस भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि तोंडाला राख लागली नाही तर खाल्ला असं धरत नाहीत. इथे भाजणारे, झोडपणारे, पाखडणारे वेगळे आणि खाणारे वेगळे. हिरवा पोंक कागदावर वजन करून येतो, सोबत लिंबू-मिरीची शेव आणि साखरेचे पांढरे दाणे. कोवळा तिखट-गोड घास. सायलीने पोंकचे वडेही मागवले. मी खाताना पाठ रस्त्याकडे ठेवून बसलो होतो.

"इथे तुम्हाला कोण ओळखणार आहे?" वैशालीने विचारलं. तिचा आवाज साधाच होता. मला मात्र त्यात काहीतरी ऐकू आलं.

दुसरा दिवस : लोचो, रिंग रोड, डुमस

सकाळी लोचो खाल्ला. ढोकळ्याचं पीठ बिघडलं आणि त्याचीच सुरतेने शान केली, असा त्याचा जन्म सांगतात. मऊ, मोडकं, वाफाळतं पीठ, वर लोणी, शेव, कांदा. सायली म्हणाली, "ढोकळा खाली पडलाय आणि सगळ्यांनी मिळून सांभाळून घेतलाय." हा विनोद तिने केला. सांभाळून घेणं हा शब्द मात्र दिवसभर मला टोचत राहिला.

साड्यांसाठी रिंग रोडला जायचं टाळण्याचे माझे सगळे प्रयत्न फसले. सुरतेत येऊन नाशिकच्या दराने साडी घेऊ का, असं वैशालीने विचारलं. मी खिशातून मास्क काढून नाकापर्यंत चढवला.

"आता हे काय?" सायली.

"धूळ आहे."

"पप्पा, ही एसीची लिफ्ट आहे."

मार्केटमध्ये मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्यावर गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीत डोक्यावर गाठोडं घेतलेला माणूस "बाजू, बाजू" करत येणार. आमच्यासारखे मराठी दिसले की तिथले गुजराती दुकानदारही "आवो भाऊ, बेसो भाऊ" म्हणतात. दर हाकेला मी दचकत होतो. एका गाठोडीवाल्याने मागून "ओ भाऊ!" केलं तेव्हा मी सरळ दुकानात शिरलो आणि लहान मुलांच्या फ्रॉकांसमोर उभा राहिलो. त्याला फक्त पुढे जायला वाट हवी होती.

वैशालीने तीन साड्या घेतल्या. एक तिची, एक तिच्या आईची. तिसरी गर्द जांभळी, बारीक काठाची, तिने वेगळी बांधून घेतली. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. संशयी माणूस नको तिथे विचारतो आणि हवं तिथे गप्प बसतो.

दुपारनंतर डुमसला समुद्रावर गेलो. तिथली वाळू काळी आहे, कोकण पाहिलेल्याला ती आधी चिखलच वाटते. भरती दूर होती. पलीकडे हजीराच्या कारखान्यांच्या चिमण्या धुरकट दिसत होत्या. टोमॅटोची भजी इथेच खावीत. टोमॅटोच्या जाड चकतीवर हिरवी चटणी थापून तळतात, आणि पहिला घास हमखास टाळू भाजतो. माझी भाजली. सायली उंटाचे फोटो काढत होती. वैशाली थोडी लांब जाऊन, कानाला फोन लावून, पाठमोरी उभी होती. वाऱ्याने तिचं बोलणं उलट्या दिशेला जात होतं. ती बराच वेळ बोलली. मध्ये एकदा हसली.

"कोणाशी बोलत होतीस?"

"का? बोलू नको?"

"नाही, सहज."

"मग सहजच होतं," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं शेवटचं भजं घेऊन खाल्लं.

परत येताना मी लताबाईंचाच विचार करत होतो. त्यांनी घरी जाऊन सांगितलं असेल. नवागामच्या नळावर आत्तापर्यंत ते चार घरं फिरलं असेल. मॅनेजरला सांगून मी चांगलंच केलं, असं मी स्वतःला बजावलं. ज्या बाईने मला नुसतं माझं गाव विचारलं होतं, तिच्यावर मी दोन दिवस डोळा ठेवून होतो. ज्या माणसाने सगळं केलं होतं तो दर वेळी आरशात समोर यायचा, आणि मी तपासायचो आरसा.

तिसरा दिवस : हॉटेलची बैठक

दुपारी निघायचं होतं. मी जेवणाआधीच निघू म्हणत होतो, वैशाली म्हणत होती चारला निघू. का, ते सांगत नव्हती. साडेतीनला तिचा फोन वाजला आणि ती म्हणाली, "चला खाली. आक्का आल्यात."

मी पायातली चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"तू बोलावलंस?"

"मी कळवलं. सुरतेत येऊन नणंदेला कळवायचं नाही? काल समुद्रावरून केला फोन. तुम्ही घरी न्याल याची वाट बघितली दोन दिवस. नाही नेलं. मग म्हटलं, त्या तरी येतील."

खाली बैठकीत आक्का सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, सोफा दुसऱ्याचा असल्यासारखी. हातात कापडी पिशवी, त्यात स्टीलचा डबा. केस माझ्या आठवणीपेक्षा पांढरे. ती दोन बस बदलून आली होती. मला बघून तिने पहिलं वाक्य आमच्या बोलीत म्हटलं, "कव्हय उना रे भाऊ?" कधी आलास. एवढंच विचारलं. तीन दिवस झाले, हे तिला माहीत होतं. मला ते सांगावं लागू नये म्हणून ती उत्तराची वाट न बघता सायलीकडे वळली आणि तिच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

"फुईला ओळखलंस का गं? केवढी झालीस."

"आत्या, तुम्ही वर चला ना," सायली म्हणाली. "डब्यात काय आहे?"

"कळण्याची भाकर आणि भरीत. ज्वारीच्या बिबड्या तळल्यात."

आम्ही लिफ्टकडे वळलो तशी हितेशभाईंनी काउंटरवरून हाक मारली. "साहेब, विजिटर रूम में अलाऊड नहीं. अने बाहरनुं खावानुं पण नहीं. आधार कार्ड होय तो पाँच मिनट चलेगा." मग त्यांनी रजिस्टर बघितलं आणि साध्या सरळ आवाजात विचारलं, "ये कौन है आप के? आप ने तो लिखवाया था, सुरत में कोई नहीं."



"बहीण आहे माझी," मी म्हणालो. "सख्खी."

आक्काने ते दोन्ही ऐकलं, रजिस्टरमधलं आणि माझं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो. मी कार्ड आणलं नाही. इथंच बरं आहे." आणि पुन्हा सोफ्याच्या कडेला बसली. सायलीला तिने डबा देऊन वर पाठवलं, गरम आहे तोवर खा म्हणून. हितेशभाईंनी डब्याकडे बघितलं नाही, असं दाखवलं.

आम्ही तिघंच उरलो. वैशालीशी आक्का नेहमी पुस्तकातली मराठी बोलायचा प्रयत्न करते. तशीच सावकाश, शब्द जुळवत ती बोलली.

"वैनी, एक विचारू? राग धरू नका. नऊ वर्षं विचारीन विचारीन म्हणते."

"विचारा ना आक्का."

"योगिताला तुम्ही ठेवून घ्यायला नाही म्हणालात. त्याचं काही नाही. आपलं घर, आपली सोय. मला राग त्याचा नव्हताच. पण मला तुम्ही स्वतः का नाही सांगितलं? भावाच्या तोंडून का सांगायला लावलं? तो फोनवर एवढा रडवेला झाला होता, मला त्याचीच कीव आली. दोन बायका आपण, मला एक फोन केला असता तर मी समजले नसते का?"

मी फोनवर रडवेला झालो होतो, हे मी विसरलो होतो. आता आठवलं. तेही केलं होतं मी.

 वैशालीने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कदाचित बोललो असतो, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो आहे. ते खरं नाही.  तिच्या चेहऱ्यावर मी एकेक गोष्ट जागेवर बसताना पाहिली. न आलेल्या दिवाळीच्या साड्या, दोनदा विचारलेला प्रश्न, 'स्वभाव आहे तिचा', जागा नाही, कोणी नाही, मागच्या बाजूची खोली.

मग तिने आक्काचा हात हातात घेतला.

"चुकलं माझं, आक्का," ती म्हणाली. "मी स्वतः फोन करायला हवा होता."

आक्काचे डोळे भरून आले. "झालं, झालं. मी उगाच काढलं. तेव्हा सायली लहान होती, तुमची नोकरी. समजतं मला." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय तोंड पाडून उभा? काही म्हणत नाही मी तुझ्या बायकोले."

वैशालीने हे मला वाचवायला केलं असं कोणाला वाटेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं झालं. पण ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. दोन बस बदलून भाकरी घेऊन आलेल्या बाईला, हॉटेलच्या बैठकीत, मॅनेजरसमोर, तिचा भाऊच तसा होता हे कळू नये, एवढंच तिने बघितलं होतं.

जांभळी साडी तिने आक्काच्या मांडीवर ठेवली. आक्काने नको नको केलं, मग काठ अंगठ्याने चाचपून कापडाची जात बघितली, सवयीने. "दोरे नीट कापलेत," ती म्हणाली. योगिताची चौकशी झाली. ती भेस्तानला एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीनवर असते, मुलगा पहिलीत आहे, नवरा बरा आहे. "सुई टोचलेल्या माणसाला पट्टी बांधायला सगळे तिलाच बोलावतात," आक्का हसत म्हणाली. "अर्धी नर्स म्हणतात तिला तिथं."

आक्काला रिक्षात बसवून आलो. वैशाली सामान आणायला वर गेली. मी काउंटरवर थांबलो.

"हितेशभाई, पहिल्या दिवशीच्या त्या बाई. त्यांनी काहीच केलं नव्हतं. मी उगाच सांगितलं."

"मालूम है साहेब," ते बिल काढता काढता म्हणाले. "लताबहन पंद्रह साल से है. गेस्ट बोले तो फ्लोर बदलना पडता है. अभी लॉन्ड्री में है."

मी लॉन्ड्रीत गेलो. चादरींच्या ढिगामागून लताबाईंनी वर बघितलं. "माफ करा," मी म्हणालो. "मी अमळनेरचा. नवागामला राहायचो, पाण्याच्या टाकीजवळ, बहिणीकडे."

"वळखेल व्हतं," त्या म्हणाल्या. "सुमनआक्काना भाऊ. जा आते, उशीर व्हई." त्या हसल्या नाहीत आणि चादरीची घडी पुढे चालू ठेवली.

परतीच्या वाटेवर सायली मागच्या सीटवर बिबड्या खात होती. वघई गाव मागे पडल्यावर ती झोपली. मी म्हणालो, "वैशाली, ते योगिताचं..."

"मला काही सांगू नका," ती म्हणाली. "मला कळलंय. जिथे सांगायचं तिथे सांगा."

त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. डबे भरते, पाहुण्यांत हसते, माझ्याशी कामापुरतं नीट बोलते. आता आक्काचा दर रविवारी फोन येतो, तो वैशालीला. दोघी तासभर बोलतात. आक्काने तिला माफ केलं आहे, म्हणून एवढं मोकळं बोलते. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो.

सुरतेला जाऊन आल्याला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी नवागामला गेलेलो नाही. योगिताला ठेवून घ्यायला नाही म्हणालो तो मी, वैशालीला कोणी विचारलंच नव्हतं, हे आक्काच्या घरात बसून, योगिताला समोर बसवून, माझ्या तोंडाने सांगायचं देणं मी अजून लागतो.